प्रेम बातमीवर, हिशेब नोकरीशी

पत्रकार व्हायचं हे कितीतरी मुली शाळेत असतानाच ठरवून टाकतात. घरचे म्हणतात बी.एड. कर, बँकेच्या परीक्षा दे. मुलगी म्हणते, मला बातमीदार व्हायचंय. घरी भांडून ती पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये किंवा मुंबईत शिकायला येते, आणि एक दिवस तिच्या नावानं बातमी छापून येते, नाहीतर वाहिनीचा माइक, म्हणजे बूम, हातात घेऊन ती पडद्यावर दिसते. त्यानंतर काही वर्षांनी तिला विचारा, नोकरी कशी चालली आहे? सरळ उत्तर येत नाही. काम सोडवत नाही आणि तिथं राहवतही नाही, असं काहीतरी ती सांगते.

या गुंत्याला दोन बाजू आहेत आणि दोन्ही मला खऱ्या वाटतात. म्हणून त्या एक मावशी आणि तिची भाची या दोघींच्या तोंडून मांडते आहे. मावशी १९८६ साली मुंबईतल्या एका मराठी दैनिकात उपसंपादक म्हणून लागली आणि तिथूनच निवृत्त झाली. भाची एका वृत्तवाहिनीत बातमीदार होती. तिनं नुकताच राजीनामा दिला आहे. दोघीही कुणा एका व्यक्तीची चित्रं नाहीत. त्यांच्या वाट्याला आलेलं मात्र या पेशातल्या अनेकजणींच्या वाट्याला आलेलं आहे.

भाची: मावशी, तू रागावली आहेस.

मावशी: रागावले नाही गं, वाईट वाटलं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या पुरात तू पाण्यात उभी राहून बोलत होतीस, तेव्हा मी शेजारपाजारच्यांना बोलावून टीव्ही दाखवला होता. इतकं चांगलं काम जमणारी मुलगी ते टाकून येते, याचं वाईट वाटतं.

भाची: त्या दिवशी मी सकाळपासून पाण्याचा घोट घेतला नव्हता. भोवती पुराचं पाणी, आणि बाईमाणसाला जायला कुठं आडोसा नाही, म्हणून प्यायलेच नाही. पुढं लघवीचा त्रास झाला, ताप आला. प्रचारसभा असो, मोर्चा असो, मंत्र्याचा दौरा असो, फील्डवरच्या बहुतेक मुली हेच करतात. ऑफिसात बोललं की उत्तर ठरलेलं असतं: झेपत नसेल तर डेस्कवर ये.

मावशी: आणि आमच्या वेळी डेस्कवरही पुरतं बसू देत नसत. रात्रपाळी बायकांना नाहीच. आता ही साधी गोष्ट वाटेल, पण नीट बघ. तालुक्यांना जाणारी डाक आवृत्ती लवकर सुटायची. शहर आवृत्तीचं पहिलं पान मध्यरात्रीच्या सुमारास लागायचं. मुख्य बातमी कुठली, मथळा काय, फोटो कोणता, हे सगळं त्या पाळीत ठरतं. रात्रपाळी केली नाही तर पहिलं पान लावायला मिळत नाही. ते लावलं नाही तर मुख्य उपसंपादक होता येत नाही. मग वृत्तसंपादक कुठून होणार आणि संपादक कुठून? आम्हाला संध्याकाळी घरी पाठवणारे म्हणायचे, तुमच्या काळजीपोटी करतोय. त्या काळजीनं आमची बढतीची वाटच बंद केली होती.

भाची: मग?

मावशी: मग आम्ही चौघींनी मिळून लेखी मागितलं. रात्रपाळी द्या आणि सुटल्यावर घरापर्यंत सोडायला गाडी द्या. दोन्ही एकदम. युनियन मध्ये पडली, बरेच दिवस घासाघीस झाली, शेवटी मिळालं. आज २०१७ च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायद्यात हेच लिहिलेलं आहे. रात्री साडेनऊनंतर बाईला कामावर ठेवायचं तर तिची संमती हवी, आणि तिच्या सुरक्षिततेची आणि घरापर्यंत पोचवण्याची जबाबदारी मालकाची. हे आपोआप झालं नाही, बाळा. आत राहिलेल्या बायकांनी मागितलं म्हणून झालं.

भाची: तरी काळजीच्या नावाखाली काम काढून घेणं थांबलेलं नाही. २०१३ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत महालक्ष्मीच्या शक्ती मिलमध्ये कामावर गेलेल्या छायाचित्रकार मुलीवर सामूहिक बलात्कार झाला, तेव्हा मी शिकत होते. ती मुलगी रुग्णालयातून सांगत होती की मला लवकरात लवकर कामावर परतायचंय. पेपरांत आलं होतं ते. आणि आमच्या वर्गातल्या मुलींच्या घरचे म्हणत होते, ही लाइन सोड.

मावशी: तिच्यावर एवढं ओढवलं आणि तिला कामावर परत जायचं होतं. म्हणूनच विचारते, तू का सोडलंस?

भाची: कारण आत राहून मागायची सोय तुला होती, मला नव्हती. तू कायम होतीस. तुला काढायचं तर मालकाला कारण द्यावं लागलं असतं. तुझ्या पाठीशी १९५५ चा श्रमिक पत्रकार कायदा होता, वेतन मंडळ होतं, युनियन होती. चार आठवड्यांत १४४ तासांहून जास्त काम घेता येणार नाही, असं त्या कायद्यात लिहिलेलं होतं. मी वर्षाच्या कंत्राटावर होते. पहाटेच्या बुलेटिनला साडेतीनला ऑफिसात हजर व्हायचं आणि संध्याकाळी कुठं आग लागली की पुन्हा बाहेर. मुळात तो कायदा वर्तमानपत्रांपुरता होता. इलेक्ट्रॉनिक आणि डिजिटल माध्यमांतल्या पत्रकारांचा उल्लेख २०२० च्या श्रम संहितेत आला. त्या संहितेत तुमचा जुना कायदाही विलीन झाला.

मावशी: वर्तमानपत्रांतही शेवटी शेवटी कंत्राटं आलीच होती.

भाची: तेच सांगते. मजिठिया वेतन मंडळाच्या शिफारशी सुप्रीम कोर्टानं २०१४ मध्ये कायम केल्या. त्या कंत्राटावरच्या माणसांनाही लागू आहेत, एवढं सांगण्यासाठी कोर्टाला २०१७ मध्ये पुन्हा निकाल द्यावा लागला. ज्या नोकरीत दरवर्षी मार्च आला की पोटात गोळा येतो, तिथं पहाटेची गाडी मागणारं पत्र कोण लिहील? मी बोलले असते तर मला काढलं नसतं. कंत्राट संपल्यावर फक्त नवं दिलं नसतं.

मावशी: हे मला मान्य करायला हवं. मी ज्याला माझी जिद्द म्हणत आले, तिच्याखाली कायम नेमणुकीचा कागद होता. पण सगळंच कागदावर मोजू नकोस. सातारा जिल्ह्यातल्या खेड्यातून आलेली मुलगी मी. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा डेस्कवरची असून हट्टानं लातूरला गेले. मोडलेल्या घरांपुढं बसलेल्या बायका माझा हात धरून बोलल्या. त्यांचं बोलणं दुसऱ्या दिवशी माझ्या नावानं छापून आलं. माझ्या आईला गावात कुणी तिच्या नावानं हाक मारली नाही कधी. मला मात्र माझं नाव या कामानं दिलं. ते प्रेम खोटं होतं का?

भाची: नाही गं. ते प्रेम मलाही आहे, म्हणून तर एवढा त्रास होतो. बँकेतली नोकरी सोडताना कुणी रडत नाही.

मावशी: मग तुला प्रभा दत्त यांची गोष्ट आठवत असेल. 'हिंदुस्तान टाइम्स'मध्ये होत्या. १९६५ च्या युद्धाच्या वेळी त्यांनी आघाडीवर पाठवा म्हणून मागणी केली. बाई म्हणून नकार मिळाला. त्यांनी रजा काढली, खेमकरणला गेल्या आणि तिथून वार्तापत्रं पाठवली. ती छापावीच लागली. पुढं तिहारमधल्या फाशीच्या कैद्यांची मुलाखत घेऊ द्यावी म्हणून त्या सुप्रीम कोर्टात गेल्या आणि १९८१ मध्ये त्यांच्या बाजूनं आदेश मिळवला. अशा बायका होत्या म्हणून तुझ्या हातात बूम आला.

भाची: त्यांच्यापुढं मी नतमस्तक आहे. पण त्याच गोष्टीत आणखी एक गोष्ट आहे. नोकरीचंच काम करायला त्यांना नोकरीतून रजा काढावी लागली. स्वतःचा वेळ खर्च करून त्यांनी संस्थेला बातम्या दिल्या. आपण हे धाडस म्हणून सांगतो, आणि ते धाडस आहेच. पण मुलींना हीच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगून आपण काय शिकवतो? की खरं प्रेम असेल तर पदरमोड कर.

मावशी: तू दुसरी कुणाची गोष्ट सांगशील?

भाची: होमाई व्यारावाला. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या, देशातल्या पहिल्या स्त्री वृत्तछायाचित्रकार. सुरुवातीला त्यांची छायाचित्रं नवऱ्याच्या नावानं छापली जात. स्वातंत्र्याचा क्षण, नेहरू, गांधीजींची अंत्ययात्रा, सगळं त्यांच्या कॅमेऱ्यात आहे. आणि १९७० मध्ये त्यांनी हे काम थांबवलं. पेशातली सभ्यता गेली, नव्या छायाचित्रकारांचं वागणं पटत नाही, म्हणून थांबल्या. त्यानंतर चार दशकं जगल्या, पण व्यवसाय म्हणून पुन्हा कॅमेरा धरला नाही. २०११ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं. त्यांचं कामावर प्रेम नव्हतं असं तू म्हणशील?

मावशी: नाही म्हणणार. पण मला एक सांग. त्या थांबल्या आणि त्यानंतरच्या चाळीस वर्षांचे त्यांचे फोटो आपल्याला कुठं मिळणार? सोडून गेलेल्या बाईबरोबर तिच्या बातम्याही जातात. मथुरा प्रकरण घे. तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या मथुरा नावाच्या आदिवासी मुलीवर १९७२ मध्ये पोलीस चौकीत बलात्कार झाला. सुप्रीम कोर्टानं आरोपींना सोडलं. १९७९ मध्ये चार कायदेतज्ज्ञांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, त्यात रघुनाथ केळकर आणि पुण्याच्या वसुधा धागमवार होत्या. ते पत्र वर्तमानपत्रांतून लोकांपर्यंत पोचलं, बायका रस्त्यावर आल्या आणि १९८३ मध्ये बलात्काराचा कायदा बदलला. तोवर अशी बातमी आतल्या पानावर दोन ओळींत संपायची. ती दोन ओळींची राहू नये म्हणून भांडणाऱ्या मुली त्याच काळात बातमीदारीत येत होत्या.

भाची: बायकांच्या बातम्या बायकांनीच आणायच्या का? बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची गर्भाशयं काढल्याची बातमी २०१९ मध्ये देशभर पोचवली ती 'बिझनेस लाइन'च्या राधेश्याम जाधव यांनी. ते पुरुष आहेत. मी वाहिनीत आल्यावर मला काय मिळालं, तर हळदीकुंकू, शाळांचे निकाल आणि महिला दिन. मंत्रालयाच्या बातम्या मागितल्या तर म्हणाले, तिथं रात्री उशिरापर्यंत थांबावं लागतं.

मावशी: पुरुषांना अशी बातमी दिसत नाही असं मी कधीच म्हणणार नाही. मी विचारते ते दुसरं. संध्याकाळच्या बैठकीत ती बातमी पहिल्या पानावर जावी म्हणून कोण बोलतं? बातमी आणणारा एक, आणि तिला जागा देणारा दुसरा. जगभरच्या माध्यमांच्या २०२० च्या पाहणीत, बातमीत ज्यांच्याबद्दल लिहिलं जातं आणि ज्यांना विचारलं जातं अशा माणसांत बायका २५ टक्के निघाल्या. उरलेले ७५ टक्के बदलायचे असतील तर त्या बैठकीत बसणाऱ्या बायका हव्यात. आणि बैठकीत तीच बसते जी टिकते.

भाची: टिकण्यासाठी बायकांनी काय काय गिळलं, तेही त्या बैठकीच्या इतिहासात लिही. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये बायका बोलायला लागल्या. संपादक राहिलेले आणि तेव्हा केंद्रात मंत्री असलेले एम. जे. अकबर यांच्यावर अनेक स्त्री पत्रकारांनी लैंगिक छळाचे आरोप केले. त्यांनी ते नाकारले, आरोप करणाऱ्यांपैकी प्रिया रामाणी यांच्यावर बदनामीचा खटला भरला आणि मंत्रिपदाचा राजीनामा दिला. फेब्रुवारी २०२१ मध्ये दिल्लीच्या न्यायालयानं रामाणींना निर्दोष सोडलं आणि सांगितलं की बाईला तिची तक्रार कितीही वर्षांनी, तिला योग्य वाटेल त्या व्यासपीठावर मांडता येते. त्या बायका एवढी वर्षं गप्प का होत्या, असं लोक विचारत होते. मला विचारावंसं वाटलं नाही. स्वप्नाची किल्ली ज्याच्या खिशात आहे, त्याच्याविरुद्ध बावीस-तेवीस वर्षांची मुलगी बोलत नाही.

मावशी: आमच्या वेळी या छळाला तक्रार करण्याजोगं नावही नव्हतं. सुप्रीम कोर्टाची विशाखा मार्गदर्शक तत्त्वं १९९७ ला आली, कायदा २०१३ ला. त्याआधी आम्ही एकमेकींना सांगायचो, अमक्या केबिनमध्ये एकटी जाऊ नकोस. नव्या मुलीला पहिल्याच दिवशी सांगायचो. आमची तेवढीच समिती होती.

भाची: आता केबिनच्या बाहेरूनही येतं. माझी बातमी एखाद्या पक्षाला झोंबली की रात्री फोनवर शिव्यांचा पाऊस पडायचा. बातमीत काय चुकलं हे कुणी लिहीत नव्हतं. माझ्या शरीराबद्दल लिहीत होते. युनेस्कोच्या २०२० च्या पाहणीत उत्तर देणाऱ्या स्त्री पत्रकारांपैकी ७३ टक्के जणींनी ऑनलाइन छळ सोसल्याचं सांगितलं. मी ऑफिसला कळवलं तर म्हणाले, दुर्लक्ष कर, रीच वाढते.

मावशी: हे मला सोसावं लागलं नाही. मला वाचकांची पोस्टकार्डं यायची.

भाची: आणि मूल? तुझा मुलगा लहान असताना तू रात्रपाळ्या कशा केल्यास?

मावशी: मी केल्या नाहीत, तुझ्या आजीनं केल्या. मी ऑफिसात पहिलं पान लावत होते आणि ती घरी त्याला मांडीवर घेऊन जागत होती. बारा आठवड्यांची रजा संपली आणि दुसऱ्या दिवशी मी कामावर. माझ्या नावानं छापलेल्या प्रत्येक बातमीत तिची झोप आहे. तिचं नाव कुठं आलं नाही.

भाची: आता कायद्यानं रजा २६ आठवड्यांची आहे, २०१७ पासून. पन्नास किंवा जास्त माणसं कामाला असतील तर पाळणाघर द्यायला हवं. पण वर्षाचं कंत्राट आणि सहा महिन्यांची रजा यांचा मेळ बसत नाही. माझ्याबरोबरच्या एका मुलीनं गोड बातमी सांगितली तेव्हा सगळ्यांनी पेढे खाल्ले, आणि कंत्राटाची तारीख आली तेव्हा सगळे गप्प. माझी आई नोकरी करते, मावशी. माझ्या रात्रपाळ्या करायला घरात दुसरी आजी नाही.

मावशी: मग तुझ्यासारख्यांनी करायचं काय? सगळ्यांनीच निघून जायचं?

भाची: काहीजणी स्वतःचं काहीतरी उभारतात. किर्लोस्करांच्या 'स्त्री' मासिकात बरीच वर्षं काढल्यावर विद्या बाळ यांनी १९८९ मध्ये 'मिळून साऱ्याजणी' सुरू केलं. चित्रकूटमध्ये २००२ पासून 'खबर लहरिया' चालतंय. गावातल्या, बऱ्याचशा दलित, बायका बुंदेली बोलीत पत्रकारिता करतात, आणि त्यांच्यावरचा माहितीपट ऑस्करच्या नामांकनापर्यंत गेला.

मावशी: त्याच्याही आधी तानुबाई बिर्जे आहेत. पती गेल्यावर सत्यशोधकांचं 'दीनबंधु' त्यांनी १९०८ ते १९१२ चालवलं. वृत्तपत्राच्या पहिल्या स्त्री संपादक म्हणून आपण त्यांचं नाव घेतो. पण स्वतःचं काढणं सगळ्यांना परवडत नाही. वर्गणीदार जमवायचे, कागदाचं बिल भरायचं, लिहायचंही आपणच. ज्यांच्या घरी दुसरा पगार नाही त्या मुलींनी काय करायचं? त्यांना महिन्याच्या महिन्याला पैसे देणारी नोकरी लागते. ती चांगली असावी, एवढंच तर मागायचंय.

भाची: इथं आपलं जुळतं. मी पत्रकारितेला विटलेली नाही. मला पुन्हा कुणी बोलावलं तर जाईनही. पण या वेळी आधी विचारेन: नेमणूक किती काळाची? तास किती? पहाटे गाडी आहे का? तक्रार समितीत कोण कोण आहे? गेल्या वेळी यातलं एकही विचारलं नाही. नोकरी मिळाली याच आनंदात होते, आणि समोरच्यानं तो आनंद माझ्या पगारातून वजा केला.

मावशी: मी तरी म्हणेन, थोडी विश्रांती घे आणि परत जा. आणि एकटी जाऊ नकोस. आम्ही चौघी होतो म्हणून आमचं ऐकलं.

भाची: परत जायचं की नाही, ते मी ठरवीन. एकटी जायचं नाही, हे मात्र पटलं.

या दोघींचं इथं एकमत होत नाही, आणि व्हायला हवं असंही नाही. टिकून राहिलेल्या बाईनं सोडून गेलेलीला पळपुटी म्हणू नये. सोडून गेलेलीनं टिकलेलीला लाचार म्हणू नये. दोघींना एकाच प्रश्नानं गाठलं आहे. कामावरचं प्रेम हा माध्यमसंस्थांनी स्वस्त मजुरीचा आधार केला आहे. ज्याला काम आवडतं तो कमी पैशांत, जास्त तास, तक्रार न करता राबतो, हे प्रत्येक मालकाला ठाऊक असतं. पुरुषांच्याही प्रेमाचा असा वापर होतो. पण बाईच्या वाट्याला त्यावर रात्रीचा रस्ता, न मिळालेलं स्वच्छतागृह, केबिनचं बंद दार आणि घरी जागणारं मूल येतं. म्हणून तिला किंमत जास्त पडते आणि ती लवकर बाहेर पडते.

मला मावशीची निष्ठा हवी आहे आणि भाचीचे प्रश्न हवे आहेत. बातमीवर मन लावून प्रेम करावं. नोकरीशी मात्र चोख हिशेब ठेवावा. या पेशात येणाऱ्या प्रत्येक मुलीनं नेमणूकपत्र वाचल्याशिवाय सही करू नये. दहा किंवा जास्त माणसं काम करत असतील तर लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती असणं बंधनकारक आहे. तिच्या सदस्यांची नावं भिंतीवर लावलेली आहेत का, हे पहिल्याच दिवशी बघावं. पाळीची गाडी, फील्डवरची स्वच्छतागृहाची सोय, बाळंतपणानंतर त्याच कामावर परतण्याची हमी, या गोष्टी एकटीनं न मागता चौघींनी मिळून मागाव्यात. आणि संपादकांनो, मालकांनो, तुमच्या दारात स्वप्न घेऊन आलेल्या मुलीला कामाचे पूर्ण पैसे द्या. तिचं प्रेम पगारात धरू नका.